डाव्या हाताची भाकरी

आधीच माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो आपल्याला पुरता कळलेला असावा, असं मला वाटतं; आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्या घरात मी फक्त भाडेकरू होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, एवढंच आमच्याकडे माहीत. त्यामुळे हे धाडस करताना संकोच वाटतो. याआधीही लिहायला घेतलं होतं, पण दरवेळी ते कागदावर फार थोर व्हायला लागायचे आणि मी सोडून द्यायची. ते थोर नव्हते. हट्टी होते, बरेचदा चुकत आणि सोबतच्या माणसाला दमवून टाकत. त्या घरातली वर्षं आठवली की मला आधी दमणूकच आठवते. मग बाकीचं.

माझं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. एसटी येते तेव्हा येते. कॉलेज घोडेगावला, म्हणून वडिलांनी माझ्यासाठी खोली शोधली ती एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या घरी. हे गृहस्थ आमच्या गावची मुक्कामी गाडी बरीच वर्षं चालवत होते. संध्याकाळी यायचे, देवळात झोपायचे, पहाटे गाडी काढायचे. गावातल्या कुणाचं लग्न कुठे ठरलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं त्यांना ठाऊक. वडील मला एवढंच म्हणाले, "मानूस थोडा येडा हाये, पन पोरगी ठेवायला घर चांगलंय."

सगळे त्यांना डायवर म्हणत. मी काका म्हणायची.

माझ्या खोलीचं दार अंगणात उघडायचं. काकांना काही सांगायचं असलं तर ते दारापर्यंत येत नसत. अंगणाच्या मध्यावर थांबून तोंडाने हॉर्न वाजवत, दोनदा, आखूड. मी बाहेर आले की बोलत. पोरीच्या खोलीकडे न सांगता जाऊ नये म्हणून ही पद्धत. पहिल्या दिवशी मी घाबरले, नंतर हसू यायचं, आणि पुढे कधीतरी सवय झाली. निवृत्त झाल्यावरही ते खाकी शर्ट घालत. दात डाव्या हाताने घासत. स्वयंपाकघरातला मिठाचा डबा दर आठवड्याला जागा बदलून ठेवत, म्हणजे म्हणे घरच्यांचा मेंदू झोपत नाही. काकू चिडून म्हणायच्या, "नोकरीत व्हते तवा चार दिस बाहेर तरी असायचे. आता मीठ शोधू का ह्यांना शोधू?"

हे मेंदूचं वेड निवृत्तीनंतरचं. स्टेअरिंग सुटलं आणि आपल्याला दुसरं काहीच येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. जावयाने मोबाइल घेऊन दिला होता. त्यावर हिंदीतून कुणी डॉक्टर मेंदू कसा शिकतो ते सांगायचे. काका ते कानाला लावून ऐकत, रेडिओसारखं. मग एकेक गोष्ट शिकायला घेतली. साठी उलटल्यावर कालव्यात पोहायला शिकले. पेटी शिकले, पण एकाच भजनाची पहिली ओळ, तीही शेजारचा कुत्रा भुंकायला लागेपर्यंत. टायपिंगच्या क्लासला गेले तेव्हा तिथल्या मुलांनी त्यांना कुणाचे तरी पालक समजून खुर्ची दिली.

जे ऐकत ते एसटीच्या भाषेत करून घेत. "मेंदूत डांबरी रस्ते नसत्यात बाय. समद्या पायवाटा. तुमी एकदा गेलात, गवत वाकलं. परत गेलात, माती दिसाया लागली. खेपा मारत राह्यचं. पन एकाच दिसात शंभर खेपा मारून रस्ता व्हत नाय. गाडीला मुक्काम लागतो. झोपंत ती धुतली जाती, पुसली जाती, सकाळी नीट निघती." मी परीक्षेच्या आधी एकच धडा पाठ होईपर्यंत वाचत बसले की ते अंगणातून म्हणत, "वाचू नकोस. पुस्तक मीट आन मला सांग." मी अडखळत सांगे. ते माझ्या विषयातलं काहीच समजत नसूनही गंभीरपणे मान हलवत. मी जिथे अडले तिथे ते बोट वर करत. "हितं खड्डा हाय. उद्या पुन्ना हितनंच जा."

मला त्यांनी स्कूटी शिकवली. त्यांच्या मुलीची जुनी स्कूटी होती, ती मला कॉलेजला जायला मिळणार होती. बाजारतळ मोकळा असला की आम्ही जायचो. थोडा वेळ चालवायची, की ते हात वर करायचे. इंजिन बंद. मी तशीच सीटवर डोळे मिटून बसायची आणि नुकतीच मारलेली फेरी मनात पुन्हा मारायची. याला ते विनंती थांबा म्हणत. "थांब्यावर मानसं चढत्यात," ते सांगत. "नुसती पळवली तर गाडी रिकामीच जाती." वळताना मी पडले की टाळ्या वाजवायचे. "शाब्बास! चुकलीस!"

बाजारतळाशेजारी किराणा दुकान होतं. दुकानाचे मालक शेठ, त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते, पण ते स्वतः आमच्यासारखंच बोलायचे. ते गल्ल्यावरून ओरडले, "डायवर, पोरीचा गुडघा फुटला, आन तुमी टाळ्या काय वाजवताय राव?"

"शेठ, पडली नसती तर तिचा मेंदू पेंगत बसला आसता. आता बगा कसा कान टवकारून बसलाय."

"आन गुडघा?"

"त्याला हळद लावू."

दुसऱ्या सकाळी वळण आपोआप जमलं, हे मात्र खरं. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं होतं. पण प्रत्येक वेळी असं होत नसे. माझं इंग्रजी बोलणं त्यांच्या सगळ्या थांब्यांनी आणि मुक्कामांनीही सुधारलं नाही, आणि हेही इथे सांगायला हवं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी भांडी घासताना त्या एका अंगाला कलल्या. मंचरच्या दवाखान्यात बरेच दिवस होत्या. जीभ जड झाली होती ती हळूहळू मोकळी झाली, काठी घेऊन अंगणात चालता यायला लागलं. उजवा हात मात्र आलाच नाही. ओल्या टॉवेलसारखा खांद्यावरून लोंबायचा. बोटं आत वळलेली.

काकू डाव्या हाताने जेवायला तयार नव्हत्या. खरी अडचण ही होती. आम्ही परोपरीने सांगितलं. चमचा दिला. त्या चमच्याकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. जन्मभर ज्या हाताने एक काम केलं त्या हाताने घास तोंडात घालायचा, हे त्यांना पटतच नव्हतं. म्हणायच्या, "मन घेत न्हाई गं. अन्न हाय ते." मग काका भरवायचे. पण भरवून घ्यायचीही त्यांना लाज वाटे. दोन-चार घास झाले की "पुरं" म्हणत. शेजारणी भेटायला आल्या आणि ताट समोर असलं की पदराखाली झाकून ठेवत. त्या वाळत चालल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवता यायला लागल्या.

काका मला म्हणाले, "ती उजव्या हातानं जेवली पायजे. नायतर ती जेवायचीच न्हाई. मी वळखतो तिला."

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टर होती. तिने सांगितलं होतं की धडधाकट हातच सगळं काम करत राहिला तर मेंदू आजारी हाताला विसरून जातो. म्हणून दिवसातला काही वेळ चांगला हात झाकून ठेवायचा, आणि कुणीतरी जवळ बसून आजारी हाताकडून छोटी छोटी कामं करून घ्यायची. दमल्या की थांबायचं.

काकांना हे इतकं पटलं की मला भीती वाटली. त्यांनी जुन्या खाकी पँटीच्या कापडाचा एक हातमोजा शिवला, बोटं नसलेला, पिशवीसारखा. मनगटाला दोन बटणं. तो काकूंच्या डाव्या हातात घालून बटणं लावली की गाडी सुटली. भिंतीवर खडूने टाइमटेबल लिहिलं. सकाळी हिरड्याची खेप, दुपारी कणकेची खेप, संध्याकाळी वाटीची. हिरडा मी गावाहून आणलेला. एका ताटातला हिरडा उचलून दुसऱ्या ताटात टाकायचा, एवढंच काम. काकूंचा हात ताटापर्यंत जायचा आणि तिथेच पडून राहायचा. एक हिरडा उचलायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझे सगळ्यांचे कपडे धुऊन व्हायचे. उचललेला हिरडा वाटेत पडे. काका टाळ्या वाजवत. "शाब्बास! चुकलीस!"

"गप बसा," काकू म्हणायच्या. "मी काय स्कूटी हाय?"

कधी त्या रडायच्या. कधी मोज्यातला हात जमिनीवर आपटायच्या. गल्लीत बोललं जायला लागलं की म्हातारा बायकोचा हात बांधून ठेवतो. शेठनी मला दुकानात हळूच विचारलं, "खरं हाय का गं पोरी?" मी हो म्हणाले, आणि का ते समजावून सांगायला लागले, पण माझं मलाच ते पटेना. त्या दिवसांत मी फार दमलेली असायची. कॉलेज, स्वयंपाक, काकूंची वेणी, त्यांचं अंग पुसणं, आणि दिवसभर ते एकेक हिरडा पडण्याचा आवाज.

मग ते दूध उतू गेलं.

काका दूध गॅसवर ठेवून, आच बारीक करून, कोपऱ्यावरच्या डेअरीत काहीतरी आणायला गेले. मी कॉलेजात. खेप चालू होती, म्हणून मोजा तसाच होता. डॉक्टरने जवळ माणूस हवं असं सांगितलं होतं, पण काकांना वाटलं, येतोच की लगेच. डेअरीत कुणी जुना कंडक्टर भेटला. इकडे दूध वर यायला लागलं. बायकांचा हात अशा वेळी विचार करून थोडाच हलतो? काकू उठल्या. डाव्या हाताने पातेलं धरता येईना, कारण बोटं पिशवीत. उजव्या हाताने बटणं निघेनात. पातेलं कलंडलं आणि दूध पायावर सांडलं. त्या मागच्या मागे पडल्या.

पायाला फोड आले, हाड वाचलं. पण राजुरीहून त्यांची मुलगी आली. ताई एरवी शांत बाई. शेती बघायची, टोमॅटोची गाडी भरून देऊन मग स्वयंपाकाला लागायची. त्या दिवशी ती उंबऱ्यातूनच वडिलांना बोलायला लागली.

"आईला बांधून ठेवता तुमी? बांधून?"

"बांधत न्हाई गं. मेंदूला..."

"मेंदू ऱ्हाऊ द्या! पाय बगा तिचा. ती म्हातारी बाई हाय, दादा. तिला काय परीक्षा द्यायचीय? मी भरवीन तिला दोन टायमाला. सुखानं ऱ्हाऊ द्या."

काका म्हणाले, "भरवलं तर ती खाती का? इचार तिला."

ताईने विचारलं नाही. काकू भिंतीवरच्या टाइमटेबलाकडे बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मला लई दमायला झालंय. जाते थोडे दिस." शेठनी आपली गाडी दिली. काकूंना मागच्या सीटवर निजवून नेलं. काका गल्लीच्या तोंडापर्यंत मागे चालत गेले आणि गाडी कशी काढायची ते शेठच्या ड्रायव्हरला सांगत राहिले.

घर रिकामं झालं. मला वाटलं, आता माझी सुटका झाली. ते काही खरं ठरलं नाही.

दोन-तीन दिवस काका ओट्यावर नुसते बसून होते. मग एका सकाळी अंगणात हॉर्न वाजला. मी बाहेर आले तर ते उजवा हात पुढे करून उभे. हातात तोच खाकी मोजा.

"बटनं लाव," म्हणाले.

"कशाला?"

"मी तिला म्हनत व्हतो, कर, कर. कसं व्हतं ते मला कुठं म्हाईत हाय? भाकरी करायला शिकतो. डाव्या हातानं."

एसटीतल्या मुक्कामांमुळे त्यांना खिचडी, चहा जमायचा. भाकरी मात्र आयुष्यात केली नव्हती. आता ती एका हाताने, तीही चुकीच्या. मी परात मांडून दिली. पीठ मळताना परात फिरायची. ती पायाने धरून ठेवली. थापायला घेतली की गोळा एका बाजूला पळायचा, काठ चिरायचे. तव्यावर टाकेपर्यंत निम्मी भाकरी मनगटावर. उलटताना बोटं भाजली. मी हसले, आणि सवयीने म्हणाले, "शाब्बास, काका! चुकलात!"

ते थांबले. परातीकडे बघत म्हणाले, "असं म्हनू नगंस गं. लई लागतं."

मी तव्यावरचे जळके तुकडे काढत होते. त्यांनीच मग बोलायला सुरुवात केली, स्वतःशीच बोलावं तसं. "हात दुखत न्हाई, बग. डोकं दुखतं. एवढा एक गोळा थापायचा, तर दिवसभर घाटात गाडी चालवल्यावानी डोकं भनभनतंय. आन ती बिचारी दिवसातनं तीन खेपा करत व्हती. मी वर टाळ्या वाजवत व्हतो."

ते रोज करत राहिले. थोडंच करायचे, मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. कधीकधी बसल्या बसल्याच डोळा लागायचा आणि डाव्या हाताची बोटं झोपेत हलायची. सुरुवातीच्या भाकरी कुत्र्यानेही सोडल्या. नंतरच्या आम्ही दुधात कुस्करून खाल्ल्या. हळूहळू काठ चिरायचे थांबले. गोल काही होईना. आमच्याकडच्या नकाशातल्या तालुक्यांसारखे आकार व्हायचे. शेठ एकदा येऊन बघून गेले. "डायवर, ह्यो कुठला रस्ता म्हनायचा?" काका म्हणाले, "कच्चा हाय. पन हाय."

एक दिवस त्यांनी दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाले, "चल राजुरीला." स्कूटीवर मी पुढे, ते मागे. सगळ्या रस्त्यात मला गिअर नसलेल्या गाडीचे गिअर सांगत होते.

ताईच्या पडवीत काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. ताई माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "दोन घासाच्या वर घेतच न्हाई." काकांनी फडकं सोडलं. काकूंनी भाकरी बघितली.

"कुनी केली ही?"

"मी."

"कशानं? पायानं?"

"डाव्या हातानं."

काकू हसल्या. आजारपणानंतर त्यांचं हसणं एका बाजूलाच यायचं. हसता हसता त्यांनी काकांचा डावा हात जवळ ओढला आणि भाजल्याचे डाग बघितले. मग हसणं गेलं. त्या बराच वेळ तो हात तसाच धरून बसल्या.

"मोजा आनलाय का?" त्यांनी विचारलं.

"आनलाय. माझ्यासाठी."

"मंग ठीक हाय. जाऊ घरी."

ताई पुढे आली. "आई, पुन्ना तेच?"

"तेच न्हाई," काकू म्हणाल्या. "आता दोगं करू."

इथे मी थांबले असते तर गोष्ट चांगली झाली असती. पण घरी आल्यावर पुन्हा सगळं सुरू झालं, आणि ते संपणारं नव्हतं. टाइमटेबल ओल्या फडक्याने पुसून टाकलं. काकूंचा चांगला हात आता त्यांच्या मनावर होता. त्या स्वतःच तो मांडीखाली दाबून धरायच्या, आणि कंटाळा आला की काढायच्या. समोर काका मोजा घालून. दोघांच्या मधे एक ताट. कुणी टाळ्या वाजवत नसे. एखाद्या दिवशी काकूंचा अंगठा बोटाला टेके. पुढचे कितीतरी दिवस टेकत नसे. थंडीत हात आखडायचा आणि आधी मिळवलेलं सगळं गेल्यासारखं व्हायचं. एकदा मी कॉलेजातून आले तर काका पायरीवर बसले होते, मोजा मांडीवर. आत काकू झोपल्या होत्या. मला बघून म्हणाले, "रस्ता व्हत न्हाई गं. नुसत्या खेपा चालल्यात." त्यांचा आवाज अगदी साधा होता. मी चहा ठेवायला आत गेले.

आता मी पुण्यात मानसशास्त्र शिकते आहे. वर्गात कधी मेंदूच्या लवचीकपणाविषयी शिकवतात. सराव, विश्रांती, झोप, चुकीतून शिकणं, सगळं नीट क्रमाने दिलेलं असतं. ते खोटं नाही. पण वाचताना मला ती पायरी आठवते, आणि पुढचं वाक्य वाचायला थोडा वेळ लागतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना गल्लीतल्या एका घरी लग्न होतं. काकू झटक्यानंतर कुठल्याच पंगतीला बसल्या नव्हत्या. तोवर त्यांच्या उजव्या हाताला चिमूट धरता यायला लागली होती. घास तोंडापर्यंत जायचा, पण निम्मा वाटेत सांडायचा, आणि हात थरथरायचा. घरात त्या तसं जेवत. चार माणसांत नको म्हणाल्या. काकांनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाले, "मी बसतो शेजारी."

मांडवात बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या होत्या. काका सरळ बायकांच्या रांगेत काकूंच्या शेजारी जाऊन बसले. वाढणारी मुलं थबकली. कुणीतरी म्हणालं, "डायवर, तुमी हिकडं कुठं?" त्यांनी ताट पुढे ओढलं. वाढून झालं. मग त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला आणि सगळ्या पंगतीदेखत डाव्या हाताने भात कालवायला लागले.

मांडवात एकदम गलका झाला. "अवं, डायवर! डाव्या हातानं?" "म्हातारपनी काय शिकायला घेतलं आता?" "लग्नाच्या पंगतीत तरी सोडा राव!" नवऱ्या मुलाचा मामा तर उठून बघायला आला. एक आजी तोंडाला पदर लावून "अगं बाई" म्हणाल्या. काका शांतपणे जेवत होते. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि मला माहीत होतं की ते याहून पुष्कळ नीट जेवू शकत होते. घरी त्यांचा डावा हात केव्हाच सरावला होता.

सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. काकूंकडे कुणीच बघत नव्हतं. त्या खाली मान घालून उजव्या हाताने घास घेत होत्या. थरथरत, सांडत, एकेक. शेजारची बाई काकांकडे बघून हसत होती आणि तिच्या मांडीपाशी काकूंचा भात सांडलेला तिला दिसलाही नाही. काकूंनी जिलबीसुद्धा मागून घेतली.

परतताना गल्लीत काकू म्हणाल्या, "लाज काढली माझी समद्या गावात."

"जेवलीस का पोटभर?"

"जेवले."

पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना डावखुरा डायवर म्हणून चिडवत होते. त्यांनी कुणालाही कारण सांगितलं नाही.

मी पुण्याला आले. वसतिगृह, नवीन माणसं, इंग्रजीतली पुस्तकं. काकांना मोबाइलवर बोलायला आवडत नसे. फोन केला की काकू बोलायच्या, ते मागून काहीतरी सूचना द्यायचे. गेल्या हिवाळ्यात माझी सत्र परीक्षा होती. ती संपल्यावर वडिलांचा फोन आला. आधी पेपर कसे गेले ते विचारलं. मग गावातलं थोडं सांगितलं. मग म्हणाले, "डायवर गेले, बाय. म्हयना व्हत आला. तुजी परीक्षा व्हती, म्हनून नाय कळवलं."

मी ताईला फोन लावला. काकू तिच्याकडेच राजुरीला होत्या. ताईने सगळं सांगितलं. हृदयाचा त्रास होता, फार दिवस नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडलेलीच होती. घरात ताई, काकू आणि शेठ. श्वास मंद व्हायला लागला तशी ताईने वाटीत पाणी घेतलं, तुळशीचं पान टाकलं, चमचा भरला. तेवढ्यात काकूंनी तिचा हात धरला.

"आई, मी देते," ताई म्हणाली. "तुझ्यानं सांडंल."

काकू म्हणाल्या, "सोड."

त्यांनी चमचा उजव्या हातात घेतला. डावा हात मदतीला लावला नाही. ताई म्हणाली, वाटीपासून दादांच्या तोंडापर्यंत हात न्यायला आईला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता पोचायचा नाही. शेठनी मान फिरवली. हात थरथरत होता. काकांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ते त्या हाताकडेच बघत होते, असं ताईचं म्हणणं. मी तिथे नव्हते, मला माहीत नाही.

थोडं पाणी आत गेलं. बाकीचं त्यांच्या हनुवटीवरून गळ्यावर सांडलं. ताई पुसायला पदर घेऊन पुढे झाली, तर काकूंनी तिला पुसू दिलं नाही.